पार्वतीच्या डाव्या हाताची जागा

३ नोव्हेंबर, सोमवार
ठरलं. शुक्रवारी घर सोडणार. कायमचं. नात जान्हवीची अर्धी कोरी वही घेतलीय. लिहून ठेवलं की मागं फिरता येत नाही. चौथीपर्यंतची शाळा एवढ्याला पुरे.
चार वर्षं झाली नाहूरला, चौदाव्या मजल्यावर. मुलगा मितेश बँकेत, सून ऋतिका तिच्या ऑफिसात, जान्हवी क्लासात. सकाळी आठ ते रात्री आठ माझ्याशी बोलते ती फक्त लिफ्ट. तीही मजल्याचा नंबर सांगून गप्प.
वर्सोव्याच्या मासळी बाजारात माझी जागा आहे. पार्वतीच्या डाव्या हाताला, नळाजवळ. आमचे मालक गेले तेव्हा मितेश मला इकडे घेऊन आला. निघताना पार्वतीला म्हटलं, आठ दिवसांत येते, जागा राख. माझा पाट तिथं उलटा घातलाय. पाट उलटा असला की दुसरी कोळीण तिथं बसत नाही. मी जाऊन सुलटा करायचा, की धंदा सुरू.

४ नोव्हेंबर, मंगळवार
हात बसावा म्हणून बोंबील आणून खिडकीत वाळत घातले. तेराव्या मजल्यावरच्या साहेबानं सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, उंदीर मेलाय. ऋतिका म्हणाली, आई, प्लीज ना, लोक नावं ठेवतात. म्हटलं, ठेवू दे, ह्याच बोंबलांवर तुझा नवरा शिकला. ती सॉरी म्हणाली आणि लॅपटॉप उघडून बसली. भांडायलासुद्धा वेळ नाही मेलीला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळी ७
निघणार होते. पण जान्हवीचा डबा कोण करणार? रविवारी नक्की.

दुपारी २
जान्हवी डबा विसरली म्हणून फोन केला. म्हणते, आज्जी, मी कँटीनमध्येच खाते गं, जूनपासून. डबा वॉचमनला देते, त्याला जाम आवडतो. म्हटलं, खोबरं कमी पडत असेल तर सांग म्हणावं.

९ नोव्हेंबर, रविवार
रविवारी मितेश घरी. त्याच्यासमोर निघाले तर रडेल, पोरगं हळवं आहे. जेवताना हळूच सांगितलं, मी वर्सोव्याला जाईन म्हणते. मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, जा ना, घाटकोपरवरून मेट्रो आहे, झकास जाशील. धक्का बसला असणार. दाखवत नाही.
बुधवार पक्का.

१२ नोव्हेंबर, बुधवार
गेले! पिशवीत दोन साड्या, बीपीच्या गोळ्या, कोयता. घाटकोपरला मेट्रोच्या तपासणीत कोयता काढून घेतला. ती वर्दीतली पोरगी म्हणते, आजी, हे चालत नाही. म्हटलं, मग पापलेट काय नखांनी कापू? मागची रांग हसली. नवीन आयुष्याला अशी हात हलवत निघाले.
बाजारात पार्वती लांबूनच ओरडली, अगं बाय, रत्ने! मिठी मारली. साडीला खवलं लागली, बरं वाटलं.
माझ्या जागेवर नमिता. पार्वतीची सून.
पार्वती म्हणाली, चार वर्षं तुझा पाट कुणाला हलवू दिला नाही गं. दोघींशी तर झिंज्या धरून भांडले. दर वेळी फोनवर म्हणायचीस, पुढच्या शुक्रवारी येते. पोरगा सोडत नाही म्हणायचीस. किती शुक्रवार मोजू? दिवाळी झाली आणि हिला बसवली.
नमिता उठायला लागली. म्हणाली, मावशी, तुमचीच जागा, या. मी म्हटलं, बस गं बस, मी सहज आलेय, मुलानं फिरायला पाठवलं.
मग त्यांनी मला खुर्ची आणली. प्लास्टिकची. अख्ख्या बाजारात खुर्चीवर मी एकटी. एक बाई वाकून मला विचारते, तुम्हाला काय भावानं दिलं?
निघताना पार्वतीनं दोन पापलेटं दिली. साफ करून. मला, साफ करून!
सहाला घरी. कुणीच आलेलं नव्हतं. पळून गेले आणि परत आले, कुणाला पत्ता नाही. बरंच झालं. उगाच सगळ्यांना समजावत बसावं लागलं असतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
वर्सोव्याला आता राम नाही. नळाजवळ ओलही फार, हाडं धरतात. नवी सुरुवात नाहूरलाच करणार. स्टेशनबाहेर शीतल नावाची पोरगी मासे घेऊन बसते. तिला धंद्यातलं काही कळत नाही, कोळंबीवर पाणी मारायचंसुद्धा नाही. मला पार्टनर घेईल. नाही कशाला म्हणेल?

१६ नोव्हेंबर, रविवार
शीतल म्हणाली, आजी, पाच मिनिटं बघता? चहा पिऊन येते. बसले तिच्या जागेवर. हाक दिली, या ताई, ताजी कोळंबी! आवाज अजून आहे. माणसं वळून बघायला लागली. दोन वाटे गेले. तिसरी बाई फार घासाघीस करायला लागली, तिला दोन शब्द ऐकवले, ती गेली. जाऊ दे.
शीतल आली तेव्हा पार्टनरशिपचं काढलं. ती हसली. चांगली हसली, वाईट नाही. म्हणाली, येत जा ना आजी, गप्पा मारायला. आता उठा, गिऱ्हाईक खोळंबलंय.
म्हटलं, उठते.
दोनदा जोर केला. उठता येईना. शीतलनं चहाचा ग्लास खाली ठेवला, काखेत हात घालून मला उभी केली. गिऱ्हाईक म्हणालं, सावकाश हं.