पश्चिमेच्या भिंतीतली खिडकी

ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की तुझं नशीब उघडलंय. नदीकाठच्या पडक्या जकातघराच्या दुरुस्तीचं काम शेवटी माझ्याकडे आलं. जुना नकाशा नाही, फोटो नाही. मग तुझं तीस वर्षांपूर्वीचं जलरंगातलं चित्र आठवलं. दुरुस्ती समितीने आता तोच पुरावा धरलाय. काम झालं की चित्र तिथल्याच दालनात लागणार, खाली तुझ्या नावाची पाटी.

चित्रात पश्चिमेच्या भिंतीला खिडकी आहे. आज तिथे सपाट दगड आहेत, म्हणजे मधल्या काळात कुणीतरी बुजवली असणार. ती आम्ही उघडतोय. गवंडीमामा भिंत ठोकून म्हणतात, इथे खिडकी नव्हतीच. मी त्यांना सांगितलं, माझी ताई डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक रेघ ओढत नाही. तरी तू एकदा खात्री कळव. काम पंधरा तारखेला सुरू होईल.

गुडघ्याला तेल लावायचा आळस करू नकोस. लोभ आहे, तो पाटी लागल्यावरही राहू दे.

तुझा,
फूटपट्टी

ता. ८ फेब्रुवारी

चि. फूटपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शेजारणीला दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा ती दूध उतू जातंय म्हणून पळाली. इतकी वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, पण हेडमास्तरांनी खिळा ठोकला तो कॅलेंडरसाठी, माझ्या चित्रासाठी कधीच नाही.

खिडकीचं म्हणशील, तर तिच्यातून येणारं ऊन अजून डोळ्यांसमोर आहे. तोच तर त्या चित्राचा जीव. पाटीवर आडनाव माहेरचं घाल.

वेळेवर जेवत जा. माझा लोभ मोजत बसू नकोस, तुझी पट्टी पुरणार नाही.

तुझी,
ताई

ता. २१ फेब्रुवारी

ती. ताईस,
न. वि. वि.

मंगळवारी भिंत फोडली. खिडकीचा मागमूस नव्हता. ना चौकटीची खाच, ना वरचा आडवा दगड. भिंत अखंड होती आणि आतल्या कमानीचा सगळा भार तिच्यावर होता. कमान खाली आली. गवंडीमामांचा उजवा पाय गुडघ्यापासून कापावा लागला. चौकशी होईपर्यंत मला घरी बसवलंय.

एवढंच विचारतो. खिडकी होती का?

तुझा,
धाकटा

ता. २५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

नव्हती. भिंतीचा रंग फार गडद झाला होता, सगळं चित्र एका अंगाला कललं होतं. म्हणून मी ओल्या ब्रशने तो भिजवला आणि टिपकागदाने उचलला. कागदाचा पांढरा वर आला. त्याला चौकट काढली आणि खिडकी केली.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा हे मला चांगलं आठवत होतं. विसरले असते तर निदान तेवढं तरी सांगता आलं असतं. मला पाटी हवी होती रे. हे पत्र समितीला दाखव. गवंडीमामांना कोणत्या तोंडाने भेटू?

लोभ ठेव असं लिहायला हात धजत नाही.

ताई

ता. ३० मे

ताई,

तुझं पत्र समितीला दाखवलं. अध्यक्षांनी ते घडी घालून परत दिलं. म्हणाले, उद्घाटनाच्या निमंत्रणपत्रिकेवर चित्र छापून झालंय. चूक माझ्या मोजमापाची ठरली आणि नोकरी गेली. तुझ्यावर मी रागावलोय आणि तो राग इतक्यात जाईल असं वाटत नाही.

भिंत नव्याने बांधली, चित्राबरहुकूम, खिडकीसकट. पाटीही लागली. आडनाव माहेरचंच आहे, म्हणजे माझंही.

काल संध्याकाळी रस्त्यावरून, उघड्या दारातून आत पाहिलं. खिडकीतून ऊन अगदी तू रंगवलंस तसंच येतं. गवंडीमामा कुबड्यांवर शेजारी उभे होते. त्यांनी विचारलं, चित्र काढणाऱ्या बाई बघायला येणार आहेत का. मी सांगितलं, तिने हे तीस वर्षांपूर्वीच पाहिलंय.

तुझा भाऊ