शंभरीच्या निम्मासुद्धा नाही

भिंगार, ता. ६ जानेवारी २०२५

चि. सौ. स्टेलास, शांतवनदादाचा सप्रेम सलाम, वि. वि.

तुझे गुडघे कसे आहेत? जेम्सरावांचा दमा? पुण्यात तुझ्या सॅमचं पोट? शेजारच्या भागूबाईंचे डोळे? तुझ्या कानांचं विचारत नाही. ते धड असते तर फोनच केला असता. तुझ्याशी फोनवर बोलणं म्हणजे भिंतीला गोष्ट सांगणं.

इकडे सारा बरी आहे, वजन सत्तावन्न किलो. शिवण मात्र अजून इंचाच्या टेपनंच करते. मी लष्कराच्या गोदामात तीस वर्षं मीटर-किलोत माल मोजला आणि घरात ही तऱ्हा! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

जेम्सरावांसाठी बटणाचा नवा थर्मामीटर पाठवतोय. सेल्सियसवर लावून दिलाय. तो काचेचा फॅरनहाइटवाला काढून टाक, जगात मोजक्याच देशांत उरलाय तो. आणि कपाळाला हात लावून ताप सांगत जाऊ नकोस. हात अंदाज सांगतो, आकडा खरं सांगतो.

लोभ आहेच, तो मोजायला मात्र माप नाही.

तुझा,
शांतवनदादा

श्रीगोंदा, ता. १८ जानेवारी २०२५

प्रिय दादास, स्टेलाचा सलाम, वि. वि.

सॅम ठीक आहे. गुडघे तुझ्या भाषेत दर दहा मीटरला दुखतात. भागूबाई विचारते, नऊवारीला आता सव्वाआठ मीटरी म्हणायचं काय? छगन दुकानदार ते ऐकून पोट धरून हसला.

तुझा शब्द पाळला, काचेचा थर्मामीटर भंगारवाल्याला देऊन टाकला. आमचे हे चार दिवस पडून आहेत. पाण्याशिवाय काही घेत नाहीत, छाती घरघरते. अंगाला हात लावला तर चटका बसतो. भागूबाई म्हणाली, लई ताप हाय, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. पण मी मोजला. एकोणचाळीस पॉईंट चार. शंभरीच्या निम्मासुद्धा नाही! तिला दाखवला, म्हटलं, माझा दादा मापातला माणूस आहे, त्यानं दिलेलं यंत्र खोटं बोलणार नाही. बिचारी गप बसली. देवाची दया, ताप नाही. थकवाच असेल.

वहिनींना सलाम. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
स्टेला

भिंगार, ता. २ फेब्रुवारी २०२५

चि. स्टेलास,

सौ. लिहायला पेन गेलं आणि तिथंच थांबलं.

जेम्सरावांना माती देऊन आज आठवडा झाला. दफनभूमीत तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. बरोबर केलंस.

तुझं पत्र बावीसला दुपारी हातात पडलं. आकडा वाचला आणि तसाच एस.टी.त बसलो. मी पोचलो तोवर भागूबाईंनी न राहवून टेम्पो बोलावला होता आणि त्यांना दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया छातीभर पसरलाय, तीन दिवस आधी आणायला हवं होतं. ते मला म्हणाले, तुला नाही. चूक तुझी नव्हतीच.

सेल्सियसमध्ये बऱ्या माणसाचं अंग सदतीस असतं, दोन चढले की धावायचं. एवढी एक ओळ लिहायची होती. देशांची फुशारकी लिहिली, ती ओळ लिहिली नाही. तुझा हात खरं सांगत होता, भागूबाई खरं सांगत होत्या. दोघींची तोंडं माझ्या आकड्यानं बंद केली.

पेटी करणाऱ्या भीमा सुतारानं जेम्सरावांची उंची विचारली. जन्मभर मी दुसऱ्यांच्या तोंडातला फूट दुरुस्त करत आलो. त्याला म्हणालो, साडेपाच फूट. सेंटिमीटर जिभेवर आलंच नाही.

सारानं माझ्यापासून लपवून ठेवलेला काचेचा थर्मामीटर कापसात गुंडाळून पाठवतोय. तू आता घरात एकटी. अंग मोडून आलं तर तो लावण्याआधी भागूबाईंना कपाळाला हात लावू दे. त्या म्हणतील तेच खरं.

शिव्या लिही. काहीच सुचलं नाही तर कोरा कागद पाकिटात घाल. पण लवकर पाठव.

तुझा,
शांतवन