कपिंगला जाण्याआधी पाणी प्या

आई,

मला लवकर निघावं लागतंय. दुपारी तुमच्या पाठीचं कपिंग आहे. पाठीला पेले लावून रक्त काढणार आहेत, म्हणून सकाळपासून पाणी पीत राहायला डॉक्टरांनी सांगितलंय. तांब्या भरलाय, तो संपवूनच निघा.

मागच्या वेळी तिथे तुम्हाला चक्कर आली, ती उन्हाने नव्हे. दवाखान्यात सगळे पुरुष, बाथरूम कुठे आहे हे त्यांना कसं विचारायचं, म्हणून तुम्ही घोटभरही पाणी न पिता गेलात. सोनालीताईंनी काल फोनवर सांगितलं. लेकीवर रागावू नका. मला सांगितलं असतंत तरी चाललं असतं.

काल संध्याकाळीच मी बिबवेवाडीला त्या दवाखान्यात जाऊन बघून आले. जिन्यामागे बायकांचं वेगळं बाथरूम आहे. स्वच्छ आहे, आतून कडी लागते. कोणाला विचारावं लागणार नाही.

पूर्णिमा