टायबेरियसची मान

५ जानेवारी
पोचलो एकदाचा म्हैसूरला. नागेंद्रराव स्वतः गाडी घेऊन स्टेशनवर आले होते. बोगादीतलं त्यांचं घर नवंकोरं आहे, रंगाचा वाससुद्धा गेलेला नाही. त्यांच्या थोरल्या बहिणीने, अंबूताईंनी, मी बूट काढायच्या आत कॉफी हातात दिली. हे पिढ्यान्‌पिढ्या इथलं, कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्यांचं मराठी घराणं. बोलता बोलता दोघं कन्नडात शिरतात आणि मला बाहेर उभं करतात. बोंडा नावाचा कुत्रा मात्र लगेच माझ्या बुटाच्या प्रेमात पडला.

आणि नागेंद्ररावांच्या संग्रहातली जुनी नाणी! मी नाशिकच्या सोनाराचा मुलगा, जुने दागिने-नाणी दुरुस्त करून पोट भरतो. इतिहासात कायम काठावर पास. आज सोन्याचा टायबेरियस, रोमचा सम्राट, तळहातावर घेतला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. दोन हजार वर्षांपूर्वी कुण्या खलाशाने मिऱ्यांच्या बदल्यात हेच नाणं असंच हातावर ठेवलं असेल.

पण प्रत्येक नाण्यावर राजाच्या मानेवर छिन्नीचा तिरपा घाव आहे. मला बोलावलं ते त्यासाठीच. नागेंद्ररावांना तीन राजे अखंड बघायचेत.

७ जानेवारी
अंबूताईंना माझं काम पसंत नाही. त्यांच्या घराण्याची रीत अशी की परक्या राजाचं तोंड असलेलं नाणं घरात घ्यायचं तर आधी उंबऱ्यावर ठेवून त्याची मान तोडायची. मग तो गप्प बसतो. पूर्वजांनी तोडलेल्या माना मी जोडायला निघालोय. “बेडा, नको,” म्हणाल्या, “सुम्ने उगाच कशाला उठवता त्याला?” नागेंद्ररावांनी हसून हात झटकला. मीही हसलो.

१२ जानेवारी
तिन्ही झाली. स्वतःची पाठ थोपटून घेतो, भिंगातूनही जोड दिसत नाही. पहिलं नाणं गंमत म्हणून बोंडाच्या गळ्यातल्या पट्ट्याला अडकवून फोटो काढला, घरी पाठवला, आणि नाणं तिथेच राहू दिलं. यशस्विनीने उलट कळवलं की त्या दोघांत कुत्राच जास्त राजबिंडा दिसतो. माझी बायको म्हणजे अशी आहे.

दुसरं नागेंद्ररावांनी गळ्यातल्या साखळीत घातलं. तिसरं त्यांनी चक्क मला बक्षीस दिलं. ओळखीचे एक गृहस्थ नाशिकला निघाले होते, त्यांच्या हाती ते यशूला पाठवलं. नागेंद्ररावांनी मला संग्रहाच्या कामासाठी ठेवून घेतलंय, म्हणून पंचवीसला तीही कायमची इकडे येतेय. मी तिच्यासाठी माझ्या वरच्या खोलीच्या खिडकीत जाईची कुंडी आणून ठेवली.

१७ जानेवारी
बोंडा गेला.

भर दुपारी मागच्या ओसरीत माझ्या पायाशी झोपला होता. पुढच्या दाराकडून ठक् असा आवाज आला आणि त्याची मान उघडली. कुणी जवळ नव्हतं. ओरडायलाही त्याला गळा उरला नव्हता. मागच्या दारची सकाळची रांगोळी रक्ताने वाहून गेली.

शेजारी बिबट्याचं नाव घेतायत. बिबट्या काय मान कापून मांस सोडून जातो?

१८ जानेवारी
पहिल्या नाण्यावर पुन्हा घाव! अंबूताईंना विचारलं, त्यांनी सरळ सांगितलं की काल सकाळीच पट्ट्यावरून काढून दुपारी त्यांनीच उंबऱ्यावर छिन्नी मारली, रीत म्हणून. मी फार संतापलो. इतक्या दिवसांची मेहनत मातीत घातली त्यांनी.

२२ जानेवारी
नागेंद्रराव.

हात धुतले तरी नखांत अजून रक्त आहे. आम्ही दोघं डोसे खात होतो. तेल लावून न्हायचं म्हणून त्यांनी साखळी काढून फडताळावर ठेवली होती. पिरियापट्टणच्या एका शेतात सापडलेल्या नाण्याची गोष्ट सांगत होते. पुढून ठक् आवाज आला. वाक्य तोंडात, आणि गळ्यावर तिरपी रेघ फाकली. रक्त माझ्या ताटात, चष्म्यावर. मी दोन्ही हातांनी मान दाबून धरली. कडा जुळेनात. जोड देणारा मी, आणि मला कडा जुळवता आल्या नाहीत.

पोलिसांनी दिवसभर बसवून घेतलं, मग सोडलं. घरात कुठलंही हत्यार रक्ताने माखलेलं नव्हतं.

२३ जानेवारी
कळलं. फडताळावरचं नाणं बघितलं, त्याचीही मान तोडलेली; अंबूताईंनीच काल ते गुपचूप उंबऱ्यावर नेऊन परत ठेवलं होतं. नागेंद्ररावांच्या गळ्यावरच्या घावाचा कोन तोच. बोंडाचाही तोच होता.

मान जोडली, मग ते नाणं कुणीतरी गळ्यात घातलं. त्यानंतर नाण्यावर घाव घातला की तो त्या गळ्यावर बसतो.

अंबूताईंना सगळं सांगितलं. त्या भावासाठी रडत होत्या, पण त्यांचं उलटंच. राजा जागा झाला म्हणून त्याने बळी घेतले, आपण घाव घालायला उशीर केला, असं त्यांना वाटतंय. तिसऱ्याला मान तोडल्याशिवाय उंबराच ओलांडू देणार नाहीत. “पोरगी वाचली पाहिजे, अल्वा, हो ना?” त्या यशूलाच वाचवायला निघाल्यात.

२४ जानेवारी
यशू गाडीत बसलीय. नाणं गळ्यात आहे. फेकून दे म्हटलं, तुझ्या हातचं काम कसं फेकू म्हणाली. अंबूताईंनीही तिला फोन केला होता. ज्या बाईचा भाऊ गेला तिचं ऐकावं असं तिला वाटतं. मी झोपलेलो नाही, ते माझ्या आवाजावरून कळतंय म्हणे. दारात नाणं काढून त्यांच्या हाती देणार आहे. मी ओरडलो. फोन ठेवला तिने.

छिन्नी आणि हातोडा काढून घेतला. उशाशी.

२५ जानेवारी
सकाळ. अंबूताईंनी वरच्या खोलीला बाहेरून कडी घातली. स्वल्प वेळ बसा, मी सगळं नीट करते, असं दाराबाहेरून सांगितलं. माझ्यावर माया आहे त्यांची. तेच भयंकर आहे.

दार फुटत नाही. पण छिन्नी माझ्याकडे— छिन्नीशिवाय काय करणार त्या? म्हणून जरा शांत. खिडकीशी बसून लिहितोय.

रिक्षा. गजांतून दिसतेय. यशू. निळी साडी. मी हाका मारल्या, तिने वर बघून हात हलवला. रडतेय की हसतेय—

साखळी काढली. अंबूताईंच्या हातावर ठेवली. त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला. आत गेल्या— जाऊ देत, छिन्नी माझ्या मांडीवर—

नारळ फोडायचा कोयता. स्वयंपाकघरात. कोयता—

यशू पळ. उंबऱ्यावर बसल्या. यशू वाकून बघतेय, मान पुढे— यशू, त्यांचा हात धर, हात—

ठक्