कंसातलं वाचणारी

२ एप्रिल, बुधवार

आज रायपूरले आली. गाडी गोंदियाहून वेळेवर सुटली आणि वेळेवर पोचली. असं माझ्या आयुष्यात दुसऱ्यांदा झालं. माझी नात रुचिता स्टेशनावर घ्यायले आली होती. मी म्हटलं वाळलीस, ती म्हणे तू जाड झालीस. झालं आमचं भेटणं. आता इथंच राहायचं आहे, गोंदियाची खोली सोडून आली.

फ्लॅट तेलीबांध्याले आहे, तिसऱ्या माळ्यावर. बाल्कनीतून तलावाचा एक तुकडा दिसते, बाकीचा समोरच्या बिल्डिंगीनं खाल्ला. पोट्टी नवा रायपूरले सरकारी ऑफिसात जाते, सकाळी आठले व्हॅन येते. स्वयंपाकघरात तीन तऱ्हेची बिस्किटं आणि शून्य तऱ्हेच्या डाळी. उद्यापासून हे घर मी हातात घेते. दाराले नवं कुलूप आहे, पण आतून लोखंडी कडीही आहे, आमच्या जुन्या रेल्वे क्वार्टरासारखी. मी म्हटलं आता अशी कडी कोण लावते. ती म्हणे मुद्दाम लावून घेतली.

ही वही तिनंच दिली. मी चौथी शिकली, तीही प्रौढांच्या वर्गात, पन्नाशीत. तिथल्या बाई सांगत, रोज चार ओळी लिहा, हात सुटतो. वही आणि चष्मा मी कापडी पिशवीत ठेवते आणि पिशवी खांद्याले. घरातल्या घरातही. रुचिता हसते. हसू दे. मले बरं वाटून राहिलं इथं.

६ एप्रिल, रविवार

आज पोट्टीच्या मंडळात गेली. ‘पहिला प्रवेश’ नाव आहे. तात्यापाऱ्यात एका जुन्या शाळेच्या वरच्या खोलीत दर रविवारी दुपारी दहा-बारा लोक जमतात. ज्यानं नवीन नाटक लिहिलं, त्याचं हे लोक वाचून पाहतात, चुका सांगतात, दुरुस्त करून घेतात, आणि त्यातलं चांगलं असेल ते डिसेंबरात स्टेजवर करतात. पैसा कोणाले मिळत नाही. तरी भांडतात मात्र पगारी असल्यासारखे.

मुख्य आहेत नरहरराव. घराणं भोसल्यांच्या वेळेपासून इथलं, हे ते पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. त्यांचे दोन नेम आहेत. नाटकात कंसात जे लिहिलेलं असते, म्हणजे कोण उठला, कोण बसला, दार वाजलं, ते अशा माणसानं वाचायचं ज्यानं नाटक आधी पाहिलंच नाही. त्याले समजलं तर सगळ्याले समजलं. दुसरा नेम असा की लेखकानं भिंतीजवळच्या स्टुलावर बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. शेवटी कंसवाला ‘पडदा’ म्हणेल, मग नरहरराव म्हणतील, लेखकानं बोलावं, तेव्हाच बोलायचं. वाचन अर्ध्यात सोडायचं नाही म्हणजे नाही. एकदा लाइट गेली तर मोबाइलच्या उजेडात पुरं केलं. मी म्हटलं अर्ध्यात सोडलं तर काय होते. भार्गव नावाचा लेखक आहे, तो म्हणे, आजी, कोणी सोडलंच नाही, तर काय माहीत.

आज भार्गवचंच नाटक होतं, उरला नावाच्या वस्तीतल्या कारखान्यातल्या मजुराचं. कंसातलं वाचायले नवीन माणूस कोणी नव्हता. रुचितानं मले पुढं केलं. मी बोट ठेवून ठेवून वाचलं. ‘भट्टीकडे पाहतो. घाम पुसतो.’ एका जागी लिहिलं होतं, ‘खिन्नपणे हसतो.’ मी थांबून विचारलं, हे कसं हसणं आहे बाबा, करून दाखव. सगळे हसले. भार्गव स्टुलावर लालबुंद, पण बोलायची सोय नाही. शेवटी तोंड मोकळं झालं तेव्हा म्हणे, आजी, तुम्हीच दर वेळी वाचत जा.

मी हव म्हटलं. इतके लोक माझं वाचणं ऐकून राहिले, हे काही वाईट नाही.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. सकाळी विहारात जाऊन आलो. खीर केली.

येत्या रविवारी रुचिताचं नाटक आहे. पहिलंच. महिन्याभरापासून हातानं लिहून राहिली. मंडळात पहिली प्रत हातचीच आणि एकच चालते. नाव ‘कडी’. मी म्हटलं कशाचं आहे, तर म्हणे तुले आधी सांगितलं तर तू कंसातलं कसं वाचशील. मग उगाच विचारलं, गोंदियाच्या क्वार्टराचं दार हिरवं होतं का निळं. मी म्हटलं चार वर्षांची होतीस तू, तुले काय करायचं दाराचं. हिरवं होतं.

२० एप्रिल, रविवार

 घरी आल्या आल्या वही काढली.

रुचिता स्टुलावर बसली. मी वाचायले लागली. ‘रेल्वे क्वार्टर. मे महिना. भर दुपार. हिरवं दार.’ एक म्हातारी आहे, मुलगी आहे. मुलगी नवऱ्याचं घर सोडून आली, कडेवर पोर आहे, म्हणून ती दार दोन्ही हातांनी नाही, एका तळव्यानं वाजवते. मले तिथंच समजलं. पण डोळे पुढं जातच राहिले. ‘दारावर थाप. आजी उठते. आजी आतून कडी लावते. दारावर थाप.’

मी नाटकाची फाइल मिटली. नरहरराव म्हणे, बाई, थांबू नका. मी म्हटलं तुमच्या नेमाले घाला चुलीत, आणि फाइल काखेत मारून जिना उतरली. रुचिता मागून आली. ऑटोत एक शब्द बोलली नाही. 

२१ एप्रिल, सोमवार

सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली. फाइल ओल्या कचऱ्यात टाकून आली. पुढचं वाचलंच नाही. मागं वळून पाहिलं तर रुचिता जिन्यात उभी. तोंड उघडं. ओरडून राहिली होती, पण आवाज नव्हता.

२३ एप्रिल, बुधवार

तीन दिवस झाले, पोट्टी बोलून नाही राहिली. मले वाटलं राग आहे. राग नाही. डॉक्टरनं गळ्यात लाइट टाकून पाहिलं, म्हणे सगळं साफ आहे, मनाचं असेल. खोकतानाही आवाज येत नाही. घरात ताट पडलं तर दचकते, पण बिनआवाजी.

आज चार वाजता दार वाजलं. तीन थापा, थांबून एक. तळव्यानं. उघडलं. कोणी नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार

रोज चारले दार वाजते.

लिहूनच टाकते, कोणाले सांगितलं नाही आजवर. माझी मुलगी मंदाकिनी तापानं गेली असं मी सगळ्याले सांगत आली. ताप नव्हता. ती मे महिन्यात भर दुपारी रुचिताले कडेवर घेऊन आली. नवरा मारत होता. मी म्हटलं एकदा दार उघडलं तर ही कायमची इथं बसेल, लोक काय म्हणतील. माझे मालक धर्मपाल ड्युटीवर होते. मी आतून ओरडून सांगितलं, बाबा आल्यावर पाहू. आणि कडी लावली. तासभर वाजवत होती. मग थांबली. मले वाटलं गेली सासरी. पाचले उघडलं तर पायरीवर रुचिता बसलेली, तोंड सुकलेलं, बाजूले मंदाच्या चपला. ती अनवाणी रुळाकडे गेली होती.

रुचिताले काही आठवत नाही, असं मी तेवीस वर्षं धरून चालली.

२७ एप्रिल, रविवार

नरहरराव आणि भार्गव घरी आले. नरहररावांचं म्हणणं, वाचन अर्ध्यात राहिलं, ‘पडदा’ झाला नाही, म्हणून लेखक अजून स्टुलावरच आहे. भार्गव म्हणे, काका, आपण हे मजेत ठरवलेलं होतं. नरहरराव म्हणे, मी तरी कुठं खरं समजून ठरवलं.

रुचितानं चार दिवसांत नाटक पुन्हा लिहून काढलं होतं. आम्ही पहिल्यापासून वाचलं. दारापर्यंत सगळं शब्दाले शब्द. पुढं पानामागं पान एकच, ‘दारावर थाप. दारावर थाप. दारावर थाप.’ पुढचं तिले लिहिताच येऊन नाही राहिलं. मी पुढचं आपल्या मनानं म्हटलं, ‘आजी कडी काढते. पडदा.’ आणि उठून खरंच कडी काढली. नरहरराव घाईनं म्हणे, लेखकानं बोलावं.

रुचिता पाहत राहिली. काही झालं नाही. नरहरराव म्हणे, बाई, कंसातलं लेखकाचंच लागते. आपल्याले नाही लिहिता येत ते.

जाताना भार्गवनं माझ्याकडे पाहिलं नाही. त्याले आता समजलं नाटकातली म्हातारी कोण ते.

३० एप्रिल, बुधवार

खालच्या माळ्यावरच्या क्षमाले विचारलं, चारले आमचं दार कोण वाजवते. म्हणे, वो दीदी बजाती होगी, मैंने तो कुछ नहीं सुना. मी म्हटलं कोण दीदी. म्हणे, वही, जो नंगे पैर सीढ़ी पे बैठती है.

४ मे, रविवार

दारासमोर चपला. उजव्या चपलेचा पट्टा निळ्या दोऱ्यानं शिवलेला. तो मी शिवला होता. मंदाच्या लग्नाआधी.

तलावात टाकून आली.

५ मे, सोमवार

चपला पुन्हा दारात. ओल्या.

७ मे, बुधवार

आज चपला आत. गॅसजवळ. रुचितानं त्या पुसून नीट ठेवल्या. मी हात लावायले गेली तर माझा हात धरला. पोट्टीच्या हातात इतका जोर कधी नव्हता.

नरहरराव फोन उचलत नाहीत. भार्गवनं उचलला, म्हणे मंडळ काही दिवस बंद आहे. मी म्हटलं बाबा, तुम्ही लोक नवीन लेखकाले मदत करता ना, मग करा.  तो म्हणे, आजी, कशी करायची ते सांगा. मले काय माहीत.

९ मे, शुक्रवार

आज चारच्या आधीच दार सताड उघडून बसली. मी म्हटलं ये मंदे, बस, पाणी पी. तासभर बसली. कोणी आलं नाही. बंद करून कडी लावली. लागलीच थाप—

पुन्हा उघडलं. जिना रिकामा.

उघड्या दाराशी तिचं काही काम नाही. तिले बंदच दार पाहिजे.

११ मे, रविवार

रुचितानं आज लिहिलं. नुसती थाप नाही, आणखी काही दिसलं. अर्धंच पान. घडी करून माझ्या पिशवीत टाकलं आणि बोटानं खूण केली, आत्ता नाही. मग हसली. तीन आठवड्यांनी हसली. मले बरं वाटायले पाहिजे होतं.

रात्री तिच्या ताटात दोन पोळ्या वाढल्या. तिनं बाजूले आणखी एक ताट मांडलं.

१२ मे, सोमवार

बुद्ध पौर्णिमा. खिरीसाठी दूध आणि फुलं आणायले तिनंच पाठवलं. चिठ्ठी लिहून. चिठ्ठीतही कंस. ‘आजी खाली जाते.’ मी वाचलं आणि गेली. दुसरं काही सुचलंच नाही—

परत आली. जिन्यात बसून लिहून राहिली. चार वाजले. दार आतून बंद. चावी फिरते, दार उघडत नाही. कडी लावली.

आवाज दिला. मग वाजवलं. एका हातात दूध, म्हणून एकाच तळव्यानं. तीनदा. थांबून एकदा.

क्षमा वर आली, माझ्या बाजूनं गच्चीवर गेली. मी तिचा पदर धरला. तिले समजलं नाही. पदर मुठीतून तसाच निघून गेला—

चपला पायात नाहीत. केव्हा काढल्या. जिना तापलेला आहे.

पिशवीतलं पान काढलं. ‘भर दुपार. बाहेर आजी. आत मुलगी आणि तिची आई. दारावर थाप.’ इतकंच. पान उलटून पाहिलं. खाली पडदा लिहिलेलं नाही.

आत रुचिता बोलून राहिली.

बोलून राहिली. आवाज फुटला पोरीचा. बारीक आवाज, चार वर्षांच्या पोरीसारखा. विचारते, आई, बाहेर कोण आहे.

बरं झालं. बोलली तर खरी. बरं—

मी म्हटलं मी आहे, रुचे, आजी आहे, उघड—

पावलं आली दाराशी. अनवाणी. थांबली. दाराच्या पलीकडून मंदा म्हणते, बाबा आल्यावर पाहू.

मंदे, बाबाले जाऊन अकरा वर्षं झाली, ते आता कुठून ये—