वेगळं पातेलं

बुधवार, ११ मार्च, सकाळी साडेनऊ

तीर्थस्वरूप वन्संना,

दोन्ही हात जोडून नमस्कार. गुडघे कसे आहेत? तेल चोळत असालच, नसाल तर चोळा. इकडे मी मजेत. पत्रात लिहायची रीत म्हणून नव्हे, खरोखरच मजेत आहे, आणि त्याचाच तुम्हाला राग आलाय हे तुमच्या पत्रावरून कळलं. पत्र दोनदा वाचलं. तुम्ही शिवणाच्या शाळेतल्या बाई, तुमचं अक्षर म्हणजे बारीक टाका. चौथीत शाळा सुटलेल्या माझ्यासारखीला तो उसवायला वेळ लागतो.

तुम्ही लिहिलंय, भावाला जाऊन वर्षही झालं नाही तोच भावजय हॉटेलं पालथी घालत फिरते, जनाची नाही तर मनाची तरी ठेवावी. आणि बावीस तारखेच्या रविवारी तुमचा भाचा टेम्पो घेऊन येईल तेव्हा निमूट सामान बांधावं, घराला कुलूप लावावं आणि त्याच्याकडेच, म्हणजे लेकाकडे, जाऊन राहावं. तो मला फोनवर हेच म्हणाला. वर म्हणाला, आत्या नको म्हणाली तर टेम्पो आणणार नाही, पण आत्या तशी म्हणायची नाही. म्हणजे माझं घर, माझी खिडकीतली खुर्ची आणि माझं बुधवारचं जेवण, सगळं तुमच्या एका शब्दावर येऊन थांबलंय. मी जाणार नाही, हे आधीच लिहून टाकते. आता पुढचं स्वस्थपणे वाचा.

सगळं सुरू झालं दातांपासून. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात ना, तसे माझे दात गेले आणि चणे राहिले होते. हे गेल्यावर लेकानंच नवी कवळी करून दिली, त्याला नावं ठेवायची नाहीत. बुधवारी ती बसवली. दंतवैद्य म्हणाला, आजी, दोन तास काही खाऊ नका. मी दोन तास त्याच्याच दवाखान्याखालच्या बाकड्यावर बसून राहिले. समोर एक खाणावळ होती, काचेची. आतली माणसं चावत होती आणि मी बाहेरून त्यांचे जबडे बघत होते. दोन तास झाले तशी उठले आणि आत गेले. आयुष्यात पहिल्यांदा एकटी. दार ढकलायचं ते ओढत बसले, खोटं कशाला सांगू.

त्यांनी यादी हातात दिली. अक्षर मुंगीएवढं. मी यादी उलटी ठेवली आणि उठून सगळी खोली एक फेरी मारून आले. ज्याच्या त्याच्या ताटात बघितलं. मग जागेवर बसून वाढप्याला सांगितलं, त्या टक्कलवाल्यांचं जे आहे ते मला. आला अख्खा फ्लॉवर. वन्सं, अख्खा, भाजलेला, कडा काळ्या झालेल्या, आणि त्याच्या डोक्यात सुरी उभी खोवलेली. मी इतकी वर्षं फ्लॉवरचे तुरे काढून, मिठाच्या पाण्यात घालून, अळी आहे का बघत बसले. त्यांनी गड्डाच आगीत टाकला होता. वर काहीतरी पांढरं आंबट ओतलेलं. करकर वाजत होतं. माझे दात वाजत होते की फ्लॉवर, कोण जाणे.

तेव्हापासून दर बुधवारी जाते. एकदा कागदाच्या पुडीत शिजवलेला मासा खाल्ला. पुडी समोर आणून कात्रीनं कापतात, वाफ अशी तोंडावर येते की चष्मा पुसावा लागतो. एकदा हाडाचं काळसर कढण प्यायले, ते बशीत ओतून फुर्र करून प्यायले, शेजारचं एक जोडपं हसलं. हसू देत बापडी. एकदा गोड म्हणून मागवलं ते खारट निघालं, तेही संपवलं. फेरी मारायची सवय मात्र सोडली नाही. लोक रागावत नाहीत. म्हातारीला काय करणार? उलट सांगतात, आजी हे घेऊ नका, कोरडं आहे.

फक्त एकदा घोटाळा झाला, आणि तोच तुमच्यापर्यंत पोचला. एका टेबलावर जाड साहेब बसले होते, त्यांच्या ताटात हिरवं काहीतरी होतं. मी वाकून विचारलं, हे काय हो, गोड आहे का? साहेब भला माणूस, चमचाभर बशीत काढून म्हणाला, बघा चाखून. आणि त्याच्या समोर कोण होतं, तर तुमचा भाचा. त्याचा वरिष्ठ होता तो. तुम्हाला त्यानं हे सांगितलं असेलच, आईनं कशी शोभा केली ते. ते हिरवं चांगलं होतं, पालेभाजीचंच पण लोण्यासारखं.

त्यानं तुम्हाला एक सांगितलं नसेल. त्यानं मान खाली घातली आणि भाताचा डोंगर करत बसला. ही माझी आई आहे, असं तो म्हणाला नाही. मीही ओळख दाखवली नाही. छान आहे म्हटलं आणि माझ्या टेबलाकडे गेले. नऊ महिने पोटात वागवला त्याची लाज मी चारचौघांत काढू का? पण त्या दिवशीची रोटी मला गिळवली नाही, पुडीत बांधून घरी आणली. आता तोच मला त्याच्या घरी राहायला न्यायला निघालाय, आणि सूनबाईनं माझ्यासाठी पथ्याच्या जेवणाचा तक्ता करून ठेवलाय म्हणे. उकडलेला दुधी, उकडलेला दोडका. उकडलेलं मी चव्वेचाळीस वर्षं खाल्लं, वन्सं.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. मध्ये उठून गॅसवरचं दूध बघून आले. उतू गेलं नव्हतं, उगाच उठले.

यांच्या छापखान्यासमोर एक जुनं हॉटेल आहे, लाकडी बाकांचं. तिथं जायचं मी टाळत होते. छापखाना दिसला की मी रस्ता बदलायची. पण महिन्यापूर्वी म्हटलं, जाऊ. फेरी मारली, आणि कोपऱ्यात एकाच्या समोर लोखंडी छोटी कढई चरचरत होती, भाजलेलं वांगं, लसूण, लाल मिरची, वर अंडं फोडलेलं. बोट दाखवलं. म्हातारा वाढपी म्हणाला, आजी, फार तिखट असतं ते. मी म्हटलं, आण. मग बोलता बोलता म्हटलं, समोर आमचे हे बाइंडिंगला होते. तो थबकला. म्हणाला, बोटांना खळ लागलेली असायची ते? बुधवारवाले?

तुम्हाला आठवतं, हे बुधवारी डबा न्यायचे नाहीत? बुधवारी यंत्रं धुतात, सगळीकडे तेल असतं, डबा उघडवत नाही म्हणायचे. मी आपली विश्वास ठेवून बुधवारी एक पोळी कमी लाटायची. तर ते दर बुधवारी तिथं, कोपऱ्यातल्या बाकावर, हीच कढई. वाढपी म्हणाला, पुसून खायचे. म्हणायचे, घरी बायकोला तिखट सोसत नाही, बिचारी रडते, म्हणून आम्ही घरी अळणीच जेवतो.

मी कढई संपवली. डोळ्यांतून पाणी घळघळा. वाढप्यानं विचारलं, तिखट लागलं का? मी म्हटलं, नाही बाबा, माणसाची आठवण आली.

कारण हाच प्रश्न मला तुम्ही विचारला होतात, लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात. मी जेवता जेवता रडत होते. आईची आठवण येत होती. तुम्ही म्हणालात, तिखट लागलं का गं? मी हो म्हटलं. नव्या घरात आईसाठी रडते हे कसं सांगायचं? ती माझी चूक, मी पदरात घेते. हिला तिखट सोसत नाही, असं तुम्ही भावाला सांगितलंत, त्यात तुमचं काही चुकलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मला चुलीपाशी बाजूला घेऊन सांगितलंत, "माझ्या भावाचं पोट नाजूक आहे. मिरची, लसूण, आंबट, काही चालत नाही. तो बोलायचा नाही, तूच सांभाळ." मी सांभाळलं. दोघं समोरासमोर बसून, एकमेकांवरच्या मायेनं, चव्वेचाळीस वर्षं पांढरी भाजी खात होतो.

मी घरी येऊन खूप विचार केला, वन्संनी असं का सांगितलं असेल? द्वेषानं म्हणावं तर माझ्या बाळंतपणात तुम्हीच माझी वेणी घालायचात. उत्तर मिळालं ते त्याच कढईमुळे. पोटात आग पडली, डॉक्टरकडे गेले, त्यानं पांढरं घट्ट औषध दिलं. चमचा नाकाशी नेला आणि तुमचं शिवणयंत्र डोळ्यांसमोर आलं. खालच्या खणात, रिळांच्या मागं, अगदी अशा वासाची बाटली असायची. धूळ पुसताना मी दहादा पाहिली. मला वाटायचं, कापडावर खुणा करायचं काहीतरी असेल.

पोट तुमचं नाजूक होतं. तुम्ही भावाच्या घरी राहत होतात. माझ्यासाठी वेगळं पातेलं चढवा, हे सांगायला तुमची जीभ रेटली नाही. नऊ वर्षं राहिलात, मग बदली होऊन गेलात, पण तोवर आमच्या जिभांना तेच वळण पडलं होतं, आणि मागाहून सांगणार तरी कसं? मला राग आला. चार दिवस आला. तुमच्यावर आला, यांच्यावर जास्त आला. एका बुधवारी मला बरोबर नेलं असतं तर समजलं असतं सगळं. आणि स्वतःवर तर विचारूच नका. मीही त्यांना कधी विचारलं नाही, अहो, खरंच दुखतं का हो पोट?

हे मी तुमच्या भाच्याला सांगितलेलं नाही. तुम्ही रविवारबद्दल काहीही ठरवलंत तरी सांगणार नाही. हे पत्र वाचून फाडा. धाक घालायला लिहिलेलं नाही.

पण टेम्पोचं सांगते. तुम्ही हो म्हणालात आणि तो आला, तर रिकामा परत जाईल. मी आतून कडी लावून खुर्चीत बसेन. पासष्टीत मला कळलं की मला लसूण आवडतो. जळक्या कडा आवडतात. फार गोड आवडत नाही, आणि मी आपली सणावारी मिटक्या मारत होते. अजून किती कळायचंय, आणि बुधवार आठवड्यातून एकच. पोटात आग पडली तर चमचाभर पांढरं औषध घेईन आणि पुन्हा जाईन. तुम्ही त्याला दोन ओळी लिहा, तिला राहू दे म्हणून. तुमच्या अक्षरातलं तो मोडत नाही.

आणि गुडघे बरे असतील तर एका बुधवारी या. त्या म्हाताऱ्या वाढप्याला मी विचारून ठेवलंय, आमच्या एक वडीलधाऱ्या आहेत, त्यांना मिरची चालत नाही. तो म्हणाला, त्यात काय, त्यांचं वेगळं पातेलं चढवू. इतकंच म्हणाला आणि टेबल पुसायला गेला. तिथं एका टेबलावर चार माणसं चार चवींचं जेवतात, आणि कुणी कुणासाठी खोटं बोलत नाही. तुम्ही तुमचं जेवा, मी माझं जेवेन. मध्ये मीठ ठेवू.

पत्र टाकून तशीच पुढं जाते, आज बुधवार आहे.

आज्ञेत नसलेली, पण मायेत उणी नसलेली,
तुमची भावजय