सावळ्याची पाळी

३ फेब्रुवारी १९७६
सरांना कॉलेजातून काढलं! इतकी वर्षं राज्यघटना शिकवली त्या माणसाला. प्राचार्य म्हणाले, "मिसाच्या कैद्यांच्या केसेस सोडा, नाहीतर वर्ग सोडा." सरांनी वर्ग सोडला. पुस्तकांची खोकी घेऊन लोणावळ्याच्या घरी आलेत. मी गेले तर म्हणाले, "आता माझा वर्ग म्हणजे तू एकटी. उशिरा येत जाऊ नकोस." मला हसताही येईना.

११ फेब्रुवारी
डोंगरावरच्या ठाकरवाडीतून गंगी आली. नवरा सावळा आणीबाणीत मिसाखाली आत. ना खटला, ना मुदत. पण अटकेचा हुकूम निघालाय तिच्या भावाच्या, कान्हूच्या नावाचा! जमिनीसाठी वडगावच्या कचेरीवर मोर्चा नेला तो कान्हूनं.
"मग सावळ्याला कसं नेलं?"
"पाळी व्हती त्याची."
मला कळेचना. मग तिनं सांगितलं. लाकूडफाटा तोडला म्हणून जंगलखात्याचा शिपाई दरसाल एकाला धरून नेतो. वाडीनं पाळ्या लावल्यात. ज्याची पाळी तो जातो, मागतील ते नाव सांगतो, आठ दिवस बसून येतो. बाकीचे त्याचं शेत बघतात. पोलीस आले, कान्हू कोण म्हणाले – सावळा उठला!
"आट दिसांनी यील म्हनला. दिवाळीच्या आदी नेला, बाय."

१२ फेब्रुवारी
सरांनी मार्ग काढला. चुकीचा माणूस आत आहे एवढंच हायकोर्टाला सांगायचं. खरा कुठे आहे ते सांगायचं नाही. गंगीनं दोनदा वदवून घेतलं – "माजा भाऊ न्हाई ना जायचा त्यात?"

२२ फेब्रुवारी
परंदवडीला घरी. आबा जेवता जेवता उठले. "बीए केली, आता वकिली शिकती, ती आमाला आत घालाया व्हय? सरकार चिडलं तर ईज बी जाईल, पानी बी जाईल!" ताट तसंच.

६ मार्च
वाडीवर गेले. अर्ज दाखल झाल्याचं सांगितलं. कान्हू रानातून उतरून आला. माझ्याच वयाचा. सगळं ऐकून विचारलं, "खरा मानूस घावला, तर दुसऱ्याला सोडावाच लागंल?"
"लागेलच! कायदा आहे."
म्हातारा शिदू खोकत हसला. "कायद्याला बी पाळी आसंल की. आजून आली न्हाई."
सगळे हसले. मीही.

२० मार्च
तारीख पुढे.

२९ एप्रिल
दिल्लीचा, सुप्रीम कोर्टाचा निकाल पेपरात आला. आणीबाणी आहे तोवर मिसाच्या कैद्याला कोर्टाकडे दादच मागता येणार नाही. चुकीचा माणूस धरला असला तरीही!
सरांनी पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाले, "मी पोरांना काय शिकवत होतो गं?" त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. मी चहा केला. कुणी प्यायलं नाही.
आमचा अर्ज संपला. वाडीवर कोणत्या तोंडानं सांगू? उद्या नको. परवा जाईन.

१ मे
गेले. उशीर झाला. कान्हू कालच ठाण्यात हजर झाला. "मी कान्हू. आता त्याला सोडा." त्याला आत घेतलं. सावळ्यालाही सोडलं नाही – खोटं नाव सांगितलं म्हणून.
गंगी ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "कायदा हाय म्हनलीस न्हवं, बाय?"